यंत्र धुऱ्यापर्यंत नेतं: विदर्भाच्या खेड्यात जिओकॅशिंग सुरू करताना

आर्वीजवळच्या एका पांदणीवर मी पहिल्यांदा डबा शोधायला गेलो, तेव्हा हातातलं जीपीएस मला सरळ एका सोयाबीनच्या वावरात घेऊन गेलं. चारही बाजूंनी गुडघ्याएवढं पीक आणि पडद्यावरचा बाण सांगत होता, पोहोचलात. उभ्या पिकात कोणी डबा ठेवत नाही, एवढं मला कळत होतं. तरी धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, दोन तास फिरलो, यंत्र बिघडलं असं ठरवलं आणि परत आलो. रात्री आकडे पुन्हा तपासले तेव्हा लक्षात आलं की यंत्र बरोबरच होतं. आकडे भरताना मी एक टिंब चुकीचं वाचलं होतं आणि त्या टिंबानं मला साडेपाचशे मीटर दूर नेऊन सोडलं होतं.

त्यानंतर आसपासच्या गावांतल्या बऱ्याच पोरापोरींसोबत हा खेळ खेळलो. ‘यंत्र खराब आहे’ म्हणून जी यंत्रं माझ्याकडे आली, त्यांतल्या बहुतेकांत बिघाड नव्हता. एखादी सेटिंग चुकलेली होती. आणि यंत्र पूर्ण बरोबर असतानाही डबा शेवटी सापडला तो डोळ्यांनी, नाहीतर वावरातल्या माणसाशी नीट बोलल्यामुळे. या दोन्ही गोष्टी नव्या माणसाला कोणी आधी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

खेळ काय आहे

कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉमवर नोंदवतो. बाकीचे ते आकडे घेऊन डबा शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तिथंच, होता तसाच ठेवतात. आत छोटी खेळणी, नाणी असतील तर एक घेऊन तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू ठेवायची. प्रत्येक डब्याला शोधायला किती अवघड आणि वाट किती कठीण असे १ ते ५ चे दोन आकडे दिलेले असतात. सुरुवात दोन्ही आकडे दीडपर्यंत असलेल्या डब्यांपासून करा.

मे २०००च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठीच्या जीपीएस संकेतात मुद्दाम चूक घालत असे. जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. ती चूक काढून टाकली गेली आणि लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात एक काळी बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर गेला. त्या बादलीत इतर वस्तूंबरोबर बीन्सचा एक डबाही होता. आज मात्र खाण्याची वस्तू डब्यात ठेवायची नाही असा नियम आहे आणि आपल्याकडे मुंग्या, उंदीर, माकडं पाहता तो अगदी योग्य आहे.

आपल्या खेड्यांकडे नोंदलेले डबे विरळच आहेत. म्हणून माझा सल्ला असा की पहिला महिना आपसातच खेळा. दोन गट करा, एकानं आपल्या घरच्या वावरात डबा ठेवावा आणि आकडे लिहून द्यावेत, दुसऱ्यानं शोधावा. यंत्राच्या सगळ्या खोड्या त्यातच कळतात आणि परक्याच्या जमिनीत पाय ठेवण्याआधी हात बसतो.

फोन की हातातलं यंत्र

सुरुवातीला फोन पुरतो. ‘गावात नेटवर्क नाही, मग जीपीएस कसं चालेल?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. जीपीएसला मोबाइल टॉवर लागत नाही. संकेत सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येतो आणि फोन तो फक्त ऐकतो. नेटवर्क असलं तर पहिली जागा लवकर सापडते आणि नकाशा उतरतो, एवढाच फरक. म्हणून घरी असतानाच त्या भागाचा नकाशा आणि डब्याची माहिती फोनमध्ये उतरवून घ्या.

हातातल्या यंत्राचा खरा फायदा आपल्या उन्हात दिसतो. फोनचा पडदा दुपारी वाचता येत नाही, गरम झाला की फोन बंद पडतो आणि संध्याकाळपर्यंत चार्ज उरत नाही. गार्मिन इट्रेक्ससारखं यंत्र पेन्सिल सेलच्या एका जोडीवर दिवसभर चालतं, पडदा जितकं ऊन जास्त तितका स्वच्छ दिसतो आणि हातातून पडलं तरी सहसा काही होत नाही. जुनं वापरलेलं घ्यायलाही हरकत नाही. घेताना सेलची पेटी उघडून पत्र्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे का ते पाहा, आणि मागची रबरी पट्टी चिकट होऊन सुटली आहे का तेही.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं टाळा. काही यंत्रं उपग्रहामार्फत संदेश पाठवूही शकतात. परदेशातल्या नातेवाइकांनी भेट म्हणून तसं यंत्र आणलं तरी आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा ठरतो. फक्त संकेत ऐकणारं साधं यंत्र घ्या.

अंगणातली तयारी

यंत्र कपाटातून काढून थेट गाडीवर बसू नका. बरेच महिने बंद असलेल्या यंत्राला कोणता उपग्रह कुठं आहे हे नव्यानं शिकावं लागतं. उपग्रहांची पूर्ण यादी उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, आणि ज्या उपग्रहाचा संकेत मोजायचा त्याची स्वतःची ताजी माहिती साधारण अर्ध्या मिनिटात येते, तीही संकेत मध्ये तुटला नाही तर. चालत्या गाडीवर, झाडांखालून जाताना तो सारखा तुटतो. म्हणून पहिल्यांदा अंगणात किंवा खळ्यावर, मोकळ्या आभाळाखाली, यंत्र ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. चार उपग्रह मिळाले की जागा मिळते. आठ-दहा दिसू लागले की निघायला हरकत नाही.

त्या वेळात सेटिंग तपासा. आकड्यांची पद्धत अंश आणि दशांश मिनिटं अशी ठेवा. गार्मिनच्या यादीत ती ‘एचडीडीडी° एमएम.एमएमएम′’ अशी दिसते. डेटम, म्हणजे आकडे पृथ्वीच्या कोणत्या मापावर मोजायचे ते, डब्ल्यूजीएस ८४. अंतर मीटरमध्ये. सेलचा प्रकार जो घातला असेल तोच. मार्गाचा पर्याय ‘थेट’, म्हणजे सरळ रेषेत दाखवणारा, आणि ‘रस्त्याला चिकटवा’ हा पर्याय बंद. शेवटचे दोन विसरले तर यंत्र तुम्हाला डांबरी रस्त्यानं तीन किलोमीटर वळसा घालायला लावतं आणि डबा मात्र समोरच्या नाल्यापलीकडे असतो.

उपग्रहांच्या यादीत ग्लोनास, म्हणजे रशियाचे उपग्रह, जोडायचा पर्याय असेल तर चालू ठेवा. झाडीत त्याचा उपयोग होतो. जागेतली चूक कमी करणारा ‘वास’ किंवा ‘ईग्नॉस’ नावाचा पर्याय दिसला तर तोही मोकळ्या रानात चालू करून पाहा. नावं अमेरिका-युरोपची असली तरी आपल्याकडे त्याच जातीचं काम इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ यंत्रणा करते. सेल मात्र थोडे जास्त खर्च होतात.

टिंब कुठं आहे ते पाहा

सोयाबीनच्या वावरात मी जी चूक केली, ती उदाहरणासह सांगतो, कारण नवे खेळाडू इथंच अडतात.

समजा डब्याचे आकडे असे दिले आहेत: उत्तर २०° ५९.२५०′, पूर्व ७८° १३.४००′. यात ५९.२५० म्हणजे एकोणसाठ मिनिटं आणि एका मिनिटाचा पाव भाग, म्हणजे १५ सेकंद. माझं यंत्र अंश-मिनिटं-सेकंद या पद्धतीवर होतं, आणि मी भरलं ५९ मिनिटं २५.० सेकंद. दहा सेकंद जास्त. एक सेकंद उत्तर-दक्षिण सुमारे ३१ मीटर असतो, म्हणजे तीनशेहून अधिक मीटर मी उत्तरेला सरकलो. पूर्वेच्या आकड्यातही तेच: १३.४०० म्हणजे १३ मिनिटं २४ सेकंद, मी भरले ४० सेकंद. तिथं आणखी साडेचारशे मीटर गेले. दोन्ही मिळून सरळ रेषेत साडेपाचशे. आणि हीच जागा दशांश अंशात लिहिली तर २०.९८७५० आणि ७८.२२३३३ अशी दिसते. फोनवरचे नकाशे बहुधा हीच पद्धत वापरतात. आकडे तिन्ही वेळा बरोबर आहेत, पण यंत्राला ते कोणत्या पद्धतीचे आहेत हे तुम्हीच सांगायचं असतं.

शेवटच्या आकड्याचं मोल लक्षात ठेवा. मिनिटाचा हजारावा भाग आपल्याकडे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे दोन-अडीच पावलं. शेवटचा आकडा चुकला तर फार बिघडत नाही. टिंबानंतरचा पहिलाच आकडा चुकला तर दुसऱ्याच्या वावरात पोहोचता.

भरून झाल्यावर एक साधी तपासणी करा. विदर्भात असाल तर उत्तरेचा आकडा १८ ते २१ अंशांत आणि पूर्वेचा ७५ ते ८० अंशांत असायलाच हवा. यंत्र अचानक साडेचौदा हजारांच्या आसपास किलोमीटर अंतर दाखवू लागलं तर पूर्वेच्या ‘ई’ऐवजी पश्चिमेचा ‘डब्ल्यू’ राहिला आहे. आपले अंश पश्चिमेकडे मोजले तर ती जागा क्युबात जाते.

डेटमची चूक जास्त फसवी असते, कारण ती थोडीच असते. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट या मोजणी अधिकाऱ्याच्या नावाच्या मापावर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. यंत्रात चुकून जुना भारतीय डेटम निवडला गेला तर आपल्या भागात शंभराहून जास्त मीटरचा फरक पडतो. बाण अगदी आत्मविश्वासानं चुकीच्या झाडापाशी नेतो. प्रत्येक डबा सारख्याच दिशेला आणि सारख्याच अंतरानं चुकत असेल तर आधी डेटम पाहा.

या मापांचा आपल्या मातीशी जुना संबंध आहे आणि तो मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. भारताची मोजणी दक्षिणेकडून उत्तरेला नेणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथंच आहे. त्यांची मोजणीची मुख्य रेषा ७८ अंश रेखांशाच्या आसपास चालत गेली, आणि त्यांच्यानंतर ते काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढं नेलं. तीच ७८ अंशांची रेषा आज अमरावती आणि वर्धा यांच्यामधून जाते. यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे करून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत; तिच्यात या रेषेच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा आणि पूर्वेला ४४ वा. म्हणून कोणी तुम्हाला यूटीएमचे आकडे दिले तर पट्टा विचारल्याशिवाय भरू नका. अमरावतीचा माणूस वर्ध्याच्या माणसाला आकडे देतो तेव्हा हा घोळ हमखास होतो.

गावात शिरताना

आपल्या भागात हा टप्पा यंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे. अनोळखी माणूस हातात यंत्र घेऊन झाडाखाली वाकून पाहतो आहे, दगड हलवतो आहे, हे दृश्य गावकऱ्याला एकच गोष्ट आठवून देतं: गुप्तधन. त्या नादात लोकांनी जीव घेतले आहेत, आणि असे अघोरी प्रकार थांबवण्यासाठी राज्यानं २०१३ मध्ये कायदा केला. गावकरी संशयानं पाहतात त्यात त्यांचं काही चुकत नाही. तो संशय दूर करणं आपलं काम आहे.

त्यासाठी दिवसाउजेडी जा. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला नको. टिकास, फावडं, कुदळ यांपैकी काहीही सोबत नेऊ नका. खेळात खोदायचं नसतंच, जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबा पुरून ठेवायला नियमानं मनाई आहे. चौकात किंवा पारावर थांबून सांगा की आम्ही असा असा खेळ खेळायला आलो आहोत. सरपंच किंवा पोलीस पाटील भेटले तर उत्तमच. फोनवर डब्याचा फोटो आणि खेळाची माहिती मराठीत तयार ठेवा. गावातल्या लहान मुलांना डब्यातली खेळणी परस्पर देऊ नका. ती आईवडिलांसमोरच, नाहीतर नाहीच.

एकदा कारंज्याकडे एका नाल्याच्या काठी मी अर्धा तास घुटमळत होतो. पलीकडून एक काका बैल घेऊन आले आणि थांबून म्हणाले, “काय पाहून रायले भाऊ?”

मी यंत्र त्यांच्या हातात दिलं, बाण दाखवला, खेळ समजावला. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, “मंग त्या बाभळीखाली पाहा न. मांगच्या हप्त्यात दोन पोट्टे तिथंच वाकून वाकून पाहत होते.”

डबा तिथंच होता. त्या बाभळीपासून माझं यंत्र चौदा मीटरवर उभं राहायला सांगत होतं.

वाटेवर पाळायच्या गोष्टी थोडक्यात. उभ्या पिकातून जायचं नाही, धुऱ्यानंच जायचं. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेला कधीही हात लावू नका. काही ठिकाणी झटका मशीन असतं, काही ठिकाणी बेकायदा थेट वीजप्रवाह सोडलेला असतो आणि त्यात माणसं मेली आहेत. कोणती तार कसली हे बाहेरून कळत नाही. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर यांच्या जंगलात डबा शोधायला पायी शिरायचं नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे राखीव क्षेत्राबाहेरही वाघ असतो. मोहफुलं वेचायच्या दिवसांत पहाटे रानात गेलेल्या माणसांवर वाघ-अस्वलांचे हल्ले झालेले आहेत. तिकडं वनरक्षकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. गडचिरोलीच्या आतल्या भागात रस्त्याकडेला दिसणाऱ्या कोणत्याही बेवारस डब्याला हात लावू नका.

शेवटचे तीस मीटर

मोकळ्या वावरात चांगलं यंत्र तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतं. ज्यानं डबा ठेवला त्याचं यंत्रही तेवढंच चुकलेलं असतं. दोन्ही चुका मिळून आठ-दहा मीटर सहज होतात. म्हणून तीस मीटर उरले की वेग कमी करा आणि दहा मीटर उरले की यंत्र खिशात ठेवा. बाणाच्या मागं मागं गोल फिरत राहणं ही नव्या खेळाडूची सगळ्यात मोठी थकवणारी सवय आहे.

त्याऐवजी असं करा. जागेपासून चाळीस-पन्नास मीटर बाहेर जा आणि बाणाच्या दिशेनं सरळ, एकसारख्या चालीनं या. अंतर जिथं सगळ्यात कमी दिसेल तिथं दुपट्टा किंवा काडी ठेवा. मग दुसऱ्या बाजूनं तसंच या. तिसऱ्या बाजूनंही. तीन खुणांच्या मधली जागा शोधा.

झाडीचा विचार करा. सागाच्या रानात भाद्रपदात पानं मोठी, दाट आणि ओली असतात. ओलं पान संकेत अडवतं. त्याच रानात फाल्गुनात पानगळ झालेली असते आणि यंत्र वावरातल्यासारखं चालतं. पावसाळ्यात सागाखाली पंधरा मीटरची चूक दिसली तर यंत्राला दोष देऊ नका. टिनाचं शेड, जिनिंगचं छत, जलकुंभ, उभी दरड यांच्याजवळ संकेत आपटून येतो आणि जागा उड्या मारते. अशा वेळी थोडं दूर जाऊन मिनिटभर थांबा. यंत्र धरण्याचीही रीत आहे: इट्रेक्ससारखं चपटं यंत्र तळहातावर आडवं धरावं, आणि वर जाड दांडी असलेलं जीपीएसमॅप ६४ जातीचं यंत्र उभं धरावं.

आता डोळे. डबा ठेवणारा माणूसच आहे, तो कुठं वाकेल असा विचार करा. एकावर एक नीट रचलेले दगड, मुळांच्या बेचक्यात सारखी ठेवलेली वाळकी पानं, मैलाच्या दगडामागची सपाट फरशी, अशा जागी नजर थांबवा. हात घालण्याआधी काठी घालायची. घोणस, फुरसं, मण्यार, विंचू या सगळ्यांना तीच जागा आवडते जी डबा ठेवणाऱ्याला आवडते. झाडावर आग्यामोहोळ आहे का ते मान वर करून पाहा. असेल तर डबा सोडून द्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतातून जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोजे, आणि घरी आल्यावर आंघोळ. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस आपल्या भागात आहे. फेरीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं सांगा.

वीस मिनिटांत सापडला नाही तर थांबा, पाणी प्या, डब्याच्या पानावरची सूचना वाचा. आधीच्या लोकांनी काय लिहिलं आहे तेही वाचा. शेवटच्या चार जणांना सापडला नसेल तर बहुधा डबा तिथं नाहीच.

यंत्र अडलं तर

बाण भलतीकडेच दाखवतो: इट्रेक्स १० आणि २० मध्ये चुंबकी होकायंत्र नाही. तुम्ही चालत असाल तेव्हाच बाण खरा असतो. उभं राहिलात की तो कुठंही वळतो. दहा-पंधरा पावलं चाला. होकायंत्र असलेल्या यंत्रात सेल बदलल्यावर ते नव्यानं जुळवावं लागतं. पडद्यावर सांगितल्याप्रमाणे यंत्र तिन्ही दिशांना फिरवा. हे करताना मोटारसायकल, विळा, लोखंडी कडं, फोनचं चुंबकी कव्हर जवळ नको. आपला काळा दगडही थोडा चुंबकी असतो, म्हणून यंत्र दगडावर ठेवून जुळवू नका. खरी उत्तर आणि चुंबकी उत्तर यांत विदर्भात एक अंशाचाही फरक नाही. त्या सेटिंगला हात लावायची गरज नाही.

सेल भरलेले असूनही बंद पडतं: चार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा, साधा अल्कलाइन १.५ चा. प्रकार चुकीचा निवडला तर यंत्र भरलेल्या सेललाही संपलेला समजतं. प्रकार बरोबर असेल आणि तरी गाडीवर खडबडीत पांदणीत बंद पडत असेल, तर सेल हलतो आहे. झाकण आणि सेल यांच्यामध्ये कागदाची पातळ घडी ठेवा. पत्रे आणि सेलची टोकं यांच्यामध्ये मात्र नाही. पत्र्यांवर भुकटी असेल तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा थेंब घेऊन पुसा, मग स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळवा. यंत्र ठेवून देताना सेल काढून ठेवायचे. मी एका पावसाळ्यात ते केलं नाही आणि एक चांगलं यंत्र गमावलं.

सुरू होता होता अडकतं: बहुतेक वेळा डब्यांच्या आकड्यांची एखादी अर्धवट उतरलेली फाइल (जीपीएक्स) कारण असते. सेल काढा, कार्ड काढून सुरू करून पाहा. चालू झालं तर कार्डावरची शेवटची फाइल संगणकावरून पुसा. फाइल यंत्राच्याच साठ्यात असेल तर तारेनं संगणकाला जोडून ‘गार्मिन’ फोल्डरमधल्या ‘जीपीएक्स’ फोल्डरमधून काढा. सगळं पुसणारा रीसेट हा शेवटचा उपाय. त्यात तुमच्या खुणाही जातात.

संगणकाला दिसतच नाही: तार बदला. मोबाइलसोबत येणाऱ्या काही तारा फक्त चार्ज करतात, माहिती नेत नाहीत. यंत्राच्या तोंडात काळी माती वाळून बसली असेल तर दात कोरायच्या लाकडी काडीनं हळूच काढा.

तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची दाखवतं: जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. शेवटचं शून्य एप्रिल २०१९ मध्ये आलं. जुनं यंत्र असेल तर कंपनीचं नवं सॉफ्टवेअर टाका. ते उपलब्ध नसेल तरी बहुधा जागा बरोबर दाखवतं, फक्त वहीत तारीख हातानं बरोबर लिहा.

पडदा काळवंडतो: मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली यंत्र ठेवलं की असं होतं. सावलीत हळूहळू थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. खरं तर नवतप्यात खेळच नको. दिवाळी ते होळी हे आपले दिवस.

स्वतःचा डबा ठेवायचा असेल

पंचवीसेक डबे शोधून झाल्याशिवाय ठेवू नका. जागेची परवानगी आधी. खासगी वावर असेल तर मालकाची, आणि ते ठोक्यानं दिलं असेल तर करणाऱ्याचीही. झुडपी जंगल पडीक दिसतं म्हणून मोकळं समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वनजमीनच मानलं आहे. देवस्थान, शाळा, धरणाची भिंत, रेल्वे आणि रस्त्यावरचे पूल या जागा नकोत. लोणारला तर डबा ठेवायचाच नाही, ते अभयारण्य आहे. अशा जागांसाठी ‘अर्थकॅश’ नावाचा प्रकार आहे; त्यात डबा नसतो, जागेवर जाऊन दगड-माती पाहून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर लागतं.

माझा पहिला डबा मी एका ओळखीच्यांच्या धुऱ्यावर, गवतात ठेवला होता. चैत्रात त्यांनी नेहमीप्रमाणे धुरा पेटवला आणि डब्याचा गोळा झाला. आता मी दगडी पाळीच्या भोकात किंवा विहिरीपासून दूरच्या एकट्या झाडाच्या बेचक्यात ठेवतो, जिथं आग पोहोचत नाही आणि उधई लागत नाही. डबा पारदर्शक, चारही बाजूंनी खटक्याचं झाकण असलेला घ्या. पोळ्या न्यायचा स्टीलचा डबा पाणी अडवत नाही. बाहेरून मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: ‘हा खेळाचा डबा आहे, धोकादायक नाही’. वही प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत पेन्सिल, कारण उन्हात पेन वाहतो.

आकडे एकदाच घेऊन नोंदवू नका. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी जा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं यंत्र डब्यावर ठेवून आकडे लिहा आणि तिन्हींची सरासरी काढा. मग एखाद्या मित्राला फक्त आकडे देऊन पाठवा आणि तो कुठं कुठं शोधतो ते लांबून पाहा.

मृगाच्या आधी एकदा आणि पोळ्यानंतर एकदा जाऊन डबा उघडा. वही ओली असेल तर बदला, झाकणाची रबरी कडा तपासा, कोणी लिहून ठेवलं असेल ते वाचा. आणि जाताना ज्यांचं वावर आहे त्यांच्या घरी थांबून सांगा की डबा पाहून आलो, अजून वर्षभर तिथंच राहू द्यायला तुमची हरकत नाही ना.